स्ट्रेस वाढला नाही, नुसता फिरला. मग वाळू का दबते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक.च्या प्रबंधासाठी रेल्वेच्या सहा मीटर उंच भरावाचं आणि त्याखालच्या सैल वाळूच्या थराचं फायनाइट एलिमेंट मॉडेल केलं आहे. मातीसाठी मोहर-कूलोंब हे नेहमीचं मॉडेल वापरलं आहे. पडताळणी म्हणून एकाच एलिमेंटवर प्रिन्सिपल स्ट्रेसची (ज्या काटकोनी दिशांना शिअर शून्य असतो, त्या दिशांमधल्या स्ट्रेसची) मूल्यं तीच ठेवून नुसती दिशा फिरवली, तर प्लास्टिक स्ट्रेन (भार गेल्यावरही उरणारा आकारबदल) शून्य आला. शोधनिबंधांत मात्र वाचायला मिळतं की नुसत्या फिरण्यानेही वाळू दबते, आणि पाण्याने भरलेली असेल तर पोअर प्रेशर (दाण्यांमधल्या पाण्याचा दाब) चढतं. मग चूक कुठे झाली, आणि मॉडेल कोणतं वापरायचं?

चूक झालेली नाही. ही चाचणी करून पाहिलीत हे उत्तम केलंत. बरेच जण प्रबंध जमा करेपर्यंत करत नाहीत. मोहर-कूलोंबला मोहर वर्तुळ (एका बिंदूवरचा सगळ्या दिशांचा स्ट्रेस दाखवणारी आकृती) किती मोठं आहे आणि कुठे आहे एवढंच दिसतं. मोठा स्ट्रेस जमिनीत उभा आहे, आडवा आहे की तिरका, हे विचारणारं एकही पद त्याच्या समीकरणांत नाही.

आकडे घालून बघू. सरासरी स्ट्रेस १०० किलोपास्कल आणि मोहर वर्तुळाची त्रिज्या ३० धरा. सुरुवातीला उभा स्ट्रेस १३०, आडवा ७०, शिअर शून्य. मुख्य अक्ष २२.५ अंशांनी कलले की उभा १२१.२, आडवा ७८.८ आणि शिअर २१.२. ४५ अंशांवर उभा-आडवा दोन्ही १०० आणि शिअर पूर्ण ३०. ९० अंशांवर अदलाबदल: उभा ७०, आडवा १३०. १८० अंशांना पुन्हा जिथून निघालो तिथे. वाळूचा फ्रिक्शन अँगल ३३ अंश असेल, तर या सगळ्या प्रवासात वापरला गेलेला कोन साडेसतरा अंशांवर अडकलेला आहे. यील्ड सरफेसपासूनचं (प्लास्टिक स्ट्रेन सुरू होण्याच्या हद्दीपासूनचं) अंतर कणभरही बदललं नाही. त्यामुळे मॉडेलच्या हिशोबी सगळं इलॅस्टिक, आणि इलॅस्टिक म्हणजे फेरा पूर्ण झाला की हिशोब फिटला. असे हजार फेरे मारलेत तरी सेटलमेंट शून्यच येणार.

खरी वाळू तसं वागत नाही, हे ठोसपणे दाखवणारं काम टोकियो विद्यापीठातल्या इशिहारा आणि तोवाता यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलं. समुद्राच्या लाटा तळाच्या वाळूवरून सरकतात तेव्हा वाळूत काय घडतं, हा त्यांचा विषय. इलॅस्टिक सिद्धान्ताने हिशोब केला तर खूप जाड वाळूच्या तळात लाटेमुळे येणाऱ्या डेव्हिएटर स्ट्रेसचं (मोठ्या आणि लहान प्रिन्सिपल स्ट्रेसमधल्या फरकाचं) मूल्य एका खोलीवर स्थिर राहतं आणि त्याची दिशा मात्र लाटेबरोबर गोल फिरत राहते. हे मूल्य सर्वांत जास्त असतं ते लाटेच्या लांबीला दोन पायने भागून येणाऱ्या खोलीवर. १०० मीटर लांबीच्या लाटेला म्हणजे सुमारे १६ मीटर खाली. त्यांनी तोयोउरा वाळूच्या पोकळ नळीसारख्या नमुन्याला पीळ आणि उभा भार असे एकत्र दिले की डेव्हिएटर स्ट्रेस कायम राहावा आणि अक्ष फिरत राहावेत. निचरा बंद ठेवला होता. फेऱ्यागणिक पोअर प्रेशर चढत गेलं. तुमच्या एलिमेंटवरचीच चाचणी, फक्त प्रत्यक्ष वाळूवर.

कारण दाण्यांच्या मांडणीत आहे. वाळूचे दाणे क्वचितच गोल असतात. पाण्यातून किंवा हवेतून पडताना लांबट दाणा आडवा स्थिरावतो, म्हणून दाण्यांचे एकमेकांना टेकण्याचे बिंदू उभ्या दिशेने जास्त भार घेऊ शकतात. ओदा यांनी १९७२ मध्ये वाळूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ही मांडणी दाखवली. जमताना आलेला हा दिशाभेद आणि नंतर भार आल्यावर तयार होणारा दिशाभेद, हा फरक कॅसाग्रँडे आणि कॅरिलो यांनी १९४४ मध्येच केला होता. भार येतो तेव्हा मोठ्या प्रिन्सिपल स्ट्रेसच्या दिशेने दाण्यांच्या साखळ्या उभ्या राहतात. स्ट्रेस वळला की या साखळ्यांना बाजूने आधार उरत नाही. त्या मोडतात आणि नव्या दिशेने नव्या बनतात. मोडण्या-बनण्याच्या मधल्या वेळात दाणे घसरतात, आणि घसरलेला दाणा परत जागेवर जात नाही. वाळू सैल असेल तर हे घसरणं जवळपास नेहमी दाटीकडेच जातं.

इथे विद्यार्थी दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात. एक, मोठ्या स्ट्रेसची दिशा ठरावीक कोनात ठेवून वाळू दाबली तर ती वेगळी वागते. दोन, दिशा सतत बदलत राहिली तर स्ट्रेन साठत जातो. पहिली गोष्ट मांडणीतल्या दिशाभेदाची, दुसरी फिरण्याची. पहिलीसाठी योशिमिने, इशिहारा आणि वार्गास यांचं १९९८ चं काम बघा: एकाच घनतेची तोयोउरा वाळू मोठा स्ट्रेस उभा असताना घट्ट वागते, आणि तो आडवा झाला की मऊ पडून दबू बघते. ब्रिटनमध्ये आर्थर आणि मेंझीस यांनी १९७२ मध्ये नमुने तिरके तयार करून तपासले होते. तिथून लक्षात ठेवण्यासारखं हे, की दिशेमुळे अंतिम ताकदीत पडणारा फरक काही अंशांचा असतो, पण त्या ताकदीपर्यंत पोचायला लागणाऱ्या स्ट्रेनमध्ये पडणारा फरक त्या मानाने फारच मोठा. म्हणून सेफ्टी फॅक्टर काढणाऱ्याला हा विषय फारसा टोचत नाही आणि सेटलमेंट काढणाऱ्याला टोचतो.

आणखी एक भानगड आहे ती नॉन-कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीची. नेहमीची मॉडेलं गृहीत धरतात की प्लास्टिक स्ट्रेनची वाढ स्ट्रेसच्याच अक्षांवर होते. डायरेक्ट सिंपल शिअरमध्ये बघा. उभा स्ट्रेस १००, आडवा ५०, आणि आपण आडवं ढकलायला सुरुवात करतो. घनफळ बदलत नसेल तर स्ट्रेनच्या वाढीचा मुख्य अक्ष पहिल्या क्षणापासून ४५ अंशांवर असतो. स्ट्रेसचा अक्ष कुठे असतो? शिअर १० झाला तेव्हा जेमतेम ११ अंशांवर, २५ झाला तेव्हा साडेबावीस अंशांवर (आडवा स्ट्रेस तेवढ्यात बदलला नाही असं धरून). स्ट्रेस मागून धावतोय आणि स्ट्रेन आधीच पुढे जाऊन उभा आहे. केंब्रिजमध्ये रॉस्को, बॅसेट आणि कोल यांनी १९६७ मध्ये वाळूत हे मोजून दाखवलं. माती तुटण्याच्या (फेल्युअरच्या) जवळ दोन्ही अक्ष एकत्र येतात. त्याआधी, म्हणजे आपण ज्या टप्प्यात बांधकाम वापरतो त्या टप्प्यात, ते वेगळे असतात.

आता मॉडेल निवडण्याआधीचं काम. माझ्या मते हेच महत्त्वाचं आणि हेच लोक टाळतात. तुमच्या जाळ्यातले चार-पाच बिंदू निवडा: रुळाखाली लगेच, भरावाच्या मध्यात, वाळूच्या थराच्या माथ्यावर मध्यरेषेत, बाजूच्या उताराखाली आणि पायथ्याशी. प्रत्येक बिंदूसाठी एक आलेख काढा. आडव्या अक्षावर उभ्या आणि आडव्या स्ट्रेसच्या फरकाचा निम्मा, उभ्या अक्षावर शिअर स्ट्रेस. या आलेखावर मूळ बिंदूपासूनचं अंतर म्हणजे मोहर वर्तुळाची त्रिज्या, आणि कोन म्हणजे मुख्य अक्षांच्या कलाच्या दुप्पट. स्थिर भाराचा बिंदू कुठे आहे आणि गाडी जाताना त्याच्याभोवती केवढा फेरा पडतो, हे एका नजरेत दिसतं.

चालत्या चाकाचा फेरा कसा असतो? चाक येत असताना शिअर एका बाजूचा, चाक डोक्यावर आलं की शिअर शून्य आणि उभा स्ट्रेस सर्वाधिक, चाक पुढे गेलं की शिअर उलट्या बाजूचा. आलेखावर पत्त्यातल्या बदामासारखा आकार उमटतो. रुळाखालच्या फॉर्मेशनच्या (खडीखाली रचलेल्या मातीच्या) वरच्या थरात स्थिर स्ट्रेस मुळातच थोडा, म्हणून फेरा मूळ बिंदूला वेढतो आणि मुख्य अक्ष दोन्ही बाजूंना सपशेल वळतात. ग्रेबे आणि क्लेटन यांनी २००९ मध्ये जड मालगाड्यांच्या मार्गाखालच्या मातीवर हॉलो सिलिंडरमध्ये (वर आलेल्या पोकळ नळीच्या नमुन्यावर) हे करून दाखवलं: अक्षांच्या फिरण्यासह भार दिला तर काही मिश्रणांत कायमचा स्ट्रेन नुसत्या उभ्या ठोक्यांपेक्षा लक्षणीय जास्त साठतो. सायक्लिक ट्रायअ‍ॅक्सियल (नळकांडी नमुन्यावर पुन्हा पुन्हा उभा भार देण्याची चाचणी) करून फॉर्मेशनचं आयुष्य काढणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण ट्रायअ‍ॅक्सियलमध्ये अक्ष फिरतच नाहीत; फार तर शून्यावरून नव्वदवर एकदम उडी मारतात. आपल्याकडे जेएनपीटीपासून दादरीपर्यंतच्या पश्चिम मालवाहतूक मार्गावर २५ टन अ‍ॅक्सल लोड आहे आणि फॉर्मेशन ३२.५ टनांसाठी आखलेली आहे. तिथल्या वरच्या थरांना हा विषय थेट लागू पडतो.

तुमच्या वाळूच्या थराला लागू पडतो का, हा वेगळा प्रश्न. सहा मीटर भराव, त्यावर खडी. एकेका चाकाचा ठसा तिथे पोचेपर्यंत पसरलेला आणि शेजारच्या अ‍ॅक्सलमध्ये मिसळलेला असतो. समजा स्थिर भाराची त्रिज्या ३० किलोपास्कल आहे आणि गाडीमुळे पडणाऱ्या फेऱ्याची ३. मुख्य अक्ष जास्तीत जास्त किती हलणार? ३ भागिले ३० चा साइन-व्यस्त म्हणजे ५.७ अंश, त्याचा निम्मा, म्हणजे तीन अंशांहूनही कमी. एवढ्यासाठी फिरणाऱ्या स्ट्रेसचं खास मॉडेल आणणं हा वेळेचा अपव्यय आहे. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमचे तुमच्या आलेखावरून घ्या. पण उत्तर बहुधा याच दिशेने जाईल.

भराव रचताना मात्र वाळूत अक्ष वळतात, एकदाच आणि बऱ्यापैकी. मध्यरेषेखाली उभेच राहतात, उताराखाली तिरके होतात, पायथ्याच्या बाहेर आडवे व्हायला लागतात. भुसभुशीत चिकणमातीवरच्या भरावांसाठी बेर्रुम यांनी १९७३ मध्ये हेच सांगितलं. घसरणीच्या एकाच पृष्ठभागावर माथ्याखाली कॉम्प्रेशनची ताकद, मधल्या सपाट भागात सिंपल शिअरची आणि पायथ्याशी एक्स्टेन्शनची ताकद चालते, आणि कमी प्लास्टिसिटीच्या मातीत पहिली तिसरीच्या दुप्पटही असू शकते. ठाण्याच्या किंवा न्हावा-शेव्याच्या खाडीतल्या मरीन क्लेवर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. फील्ड व्हेन (जमिनीत पाती फिरवून ताकद मोजण्याचं साधन) एकच आकडा देतं, आणि व्हेनची पाती मुख्यतः उभ्या पृष्ठभागावर माती कापतात. त्या आकड्याला बेर्रुमची दुरुस्ती (प्लास्टिसिटी इंडेक्स २० ला जवळपास १, ५० ला सुमारे ०.८) लावल्याशिवाय मी तो डिझाइनमध्ये घेत नाही.

तर मॉडेलं. अनड्रेन्ड (पाणी निघायला वेळ न मिळालेल्या) चिकणमातीसाठी एनजीआय-एडीपी हे मॉडेल. तीन दिशांच्या तीन ताकदी दिल्या की मधल्या कोनांसाठी ते स्वतः जुळवून घेतं. फिरण्याचा साठा ते मोजत नाही, आणि भरावाच्या स्थिरतेला त्याची गरजही नसते. प्रत्यक्ष कामात मला सर्वांत उपयोगी पडलेलं हेच.

वाळूसाठी सॅनिसँड गटातली मॉडेलं, डफालियास आणि मंझारी यांचं २००४ चं रूप सर्वांना ठाऊक आहे. यील्ड सरफेस लहान आणि स्ट्रेसबरोबर सरकणारा, म्हणून दिशा फिरली तरी थोडाफार प्लास्टिक स्ट्रेन निघतो. तुमच्या एलिमेंट चाचणीत शून्य येणार नाही. पण शून्य नाही म्हणजे बरोबर आहे असं नव्हे. वर्तुळाकार फेऱ्यांसाठी ते बांधलेलंच नव्हतं. ली आणि डफालियास यांनी २०१२ मध्ये दाण्यांच्या मांडणीचा टेन्सर क्रिटिकल स्टेटमध्येच (शिअर चालू राहूनही घनफळ बदलत नाही त्या अवस्थेच्या व्याख्येतच) आणला. स्ट्रेसची दिशा आणि मांडणीची दिशा यांच्या मेळावर वाळू दबेल की फुगेल हे ठरतं, आणि शिअर होत जाईल तशी मांडणी स्वतः वळते. विचार म्हणून मला हा सगळ्यांत पटतो. कॅलिब्रेशन म्हणून धडकी भरवतो.

नॉन-कोअ‍ॅक्सिअल पद जोडण्याचा मार्ग रुडनिकी आणि राइस यांच्या १९७५ च्या कल्पनेवरून येतो: यील्ड सरफेसला समांतर जाणारी स्ट्रेसची वाढही थोडा प्लास्टिक स्ट्रेन देते. जुन्या मॉडेलला जोडायला सोपं, एखाद-दुसरा जास्तीचा पॅरामीटर. पण मोहर-कूलोंबला हे जोडलं आणि स्ट्रेस यील्ड सरफेसच्या आतच फिरला, तर पुन्हा शून्यच. तुमच्या उदाहरणात नेमकं हेच होईल. ही गोष्ट न बघता 'आमचं मॉडेल नॉन-कोअ‍ॅक्सिअल आहे' म्हणणारे निबंध सापडतात.

राहिलं मल्टिलॅमिनेट आणि मल्टिस्प्रिंगचं घराणं. स्वॉन्झीच्या पांडे आणि शर्मा यांनी १९८३ मध्ये चिकणमातीसाठी मल्टिलॅमिनेट वापरून नेमकं अक्षांचं फिरणंच तपासलं. तोवाता-इशिहारांनी १९८५ मध्ये मल्टिस्प्रिंग आणलं, आणि इआई यांच्या गटाने १९९२ मध्ये ते लिक्विफॅक्शनच्या (भिजलेली वाळू हादऱ्यांनी द्रवासारखी होण्याच्या) गणनेसाठी व्यवहारात आणलं. कल्पना अशी: बिंदूतून जाणारी अनेक प्रतलं घ्यायची आणि प्रत्येकाचा लोडिंग-अनलोडिंगचा हिशोब वेगळा ठेवायचा. अक्ष फिरले की काही प्रतलांवर भार वाढतो, काहींवर उतरतो. बाहेरून बघताना त्रिज्या स्थिर असली तरी आत प्रत्येक प्रतल स्वतःचा फेरा मारत असतं. फिरण्यासाठी वेगळं काही सांगावंच लागत नाही. गणनेला वेळ लागतो, पण हल्लीच्या यंत्रांवर ती सबब राहिलेली नाही. बंदराच्या धक्क्याच्या किंवा समुद्रतळाच्या कामाला मी आधी इकडेच वळतो.

लाखो फेऱ्यांसाठी यातलं काहीच एकेक फेरा चालवून वापरू नका. गणितातली बारीक चूक साठत जाऊन खऱ्या स्ट्रेनला गिळते. त्यासाठी निमुनिस, विख्टमान आणि ट्रियांटाफिलिडिस यांचं २००५ चं हाय-सायकल मॉडेल आहे. त्यात फेऱ्याचं पोलरायझेशन, म्हणजे दिशा, अचानक बदलली तर साठ्याचा वेग तात्पुरता वाढतो हे वेगळ्या गुणकाने धरलेलं आहे.

प्रयोगांबद्दल एक सापळा सांगतो. हॉलो सिलिंडरमध्ये चार गोष्टी हातात असतात: उभा भार, पीळ, आतला दाब, बाहेरचा दाब. बऱ्याच ठिकाणी सोयीसाठी आतला आणि बाहेरचा दाब सारखाच ठेवतात. तसं केलं की मधल्या प्रिन्सिपल स्ट्रेसचा 'बी' हा गुणांक (तो मोठ्या आणि लहान स्ट्रेसच्या मध्ये कुठे आहे हे सांगणारा) मोकळा राहत नाही. तो अक्षाच्या कलाच्या साइनच्या वर्गाइतका होऊन बसतो. कल शून्य तर बी शून्य, ४५ अंश तर अर्धा, ९० तर एक. मग मातीतला जो बदल तुम्ही 'दिशेमुळे' म्हणता, त्यात बीचा वाटा किती हे सांगताच येत नाही. योशिमिने वगैरेंनी दोन्ही वेगवेगळे बदलले म्हणून त्यांचा डेटा मोलाचा. उलट दोन दाबांत फार फरक ठेवला तर नळीच्या जाडीत स्ट्रेस एकसारखा राहत नाही. कुणाचाही डेटा कॅलिब्रेशनला घेण्याआधी दाब कसे ठेवले होते ते बघा.

कोडमध्ये दोन ठिकाणी पाय घसरतो. मांडणीचा टेन्सर जागतिक अक्षांत दिलेला असतो. थर तिरका असेल तर सुरुवातीची दिशा थराला काटकोनात फिरवून द्यावी लागते, नाहीतर भरावाच्या उताराला समांतर थरांत मॉडेल चुकीच्या दिशेला मऊ पडतं. आणि संपूर्ण एलिमेंट कडक वस्तूसारखा वळला तर मातीच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं, कारण मांडणी आणि स्ट्रेस बरोबरच वळले. हे वळणं आणि मातीच्या सापेक्ष स्ट्रेसचं वळणं मोठ्या स्ट्रेनच्या गणनेत वेगळं काढलंय का, ते एलिमेंट ३० अंश कडकपणे फिरवून तपासा. स्ट्रेन शून्य आलाच पाहिजे.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. आधी आलेख. वाळूच्या थरात फेरा लहान आणि स्थिर बिंदू लांब निघाला, तर वाळूला साधं हार्डनिंग सॉइल मॉडेल चालेल, फक्त उताराखालच्या आणि पायथ्याच्या भागात कडकपणा कमी घेऊन एकदा संवेदनशीलता बघा. दिशेमुळे मऊपणा किती येतो याची कल्पना ट्रायअ‍ॅक्सियल कॉम्प्रेशन आणि एक्स्टेन्शन एकाच घनतेवर केलेत तरी मिळेल. फॉर्मेशनच्या वरच्या मीटरभर थरात फेरा मूळ बिंदूला वेढत असेल, तर प्रबंधाचा खरा विषय तिथे आहे. त्या थरासाठी मल्टिलॅमिनेट घ्या आणि सुरुवातीच्या उदाहरणातला ३० किलोपास्कलचा फेरा त्यावर आधी चालवा. थर भूकंपप्रवण भागात आणि पाण्याखाली असेल तर हिशोब बदलतो, कारण तिथे शिअर खालून येतो आणि फेरा मोठा असतो. तुमच्या साइटची पाण्याची पातळी आणि भूकंपाचा झोन प्रश्नात दिलेला नाही. तो कळवलात तर त्या भागावर वेगळं लिहीन.